सईच्या कानांचे डॉक्टर

बातमी आली तेव्हा मी मेथी निवडत होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. माझा नवरा सतीश टेबलाच्या पलीकडे बसून फोन चाळत होता. निवृत्त झाल्यापासून त्याची दुपार मिरजेच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाते. कोणाच्या नातवाचं बारसं, कोणाचा गुडघा, असं काहीबाही तो मला मधूनमधून वाचून दाखवतो. त्या दिवशी त्याने फोन पालथा ठेवला आणि म्हणाला, "नईम गेला." मी विचारलं, "कोण नईम?" खरं तर मला त्याच क्षणी कळलं होतं. आमच्या आयुष्यात एकच नईम होता. तरी मी विचारलं, आणि हातातल्या जुडीची पानं खुडत राहिले... माहीत नसल्यासारखं वागायची तीस वर्षांची सवय इतक्या लवकर जात नाही. सतीश उठून बाल्कनीत गेला. आत आल्यावर एवढंच बोलला, "झोपेतच गेला म्हणे. मी त्याच्याशी नीट बोललोच नाही गं." याला आता सात आठवडे झाले. त्या वाक्याला माझ्याकडे जे उत्तर होतं, ते मी त्या दिवशीही दिलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

नईमभावजी हे सतीशचे पहिलीपासूनचे मित्र. दोघांची घरं मिरजेत एका गल्लीच्या अंतरावर. भावजींचे वडील तंबोरे बनवायचे. "अब्बा भोपळ्यावर टिचकी मारून सांगायचे, हा बोलेल, हा मुका राहील," असं ते सांगत. "आमच्या घरात कानाशिवाय कोणाचंच पोट भरलं नाही वहिनी. मी तरी दुसरं काय शिकणार?" सतीशला केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी लागून आम्ही दिल्लीला आलो, आणि पुढे दोन-तीन वर्षांनी भावजी कान-नाक-घशाचं शिक्षण घ्यायला इथल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात आले. मुनिरकात तिसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली होती. खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत हाताला लागायची. इस्पितळातून सुटी मिळाली की तिथून चालत आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये यायचे. हातात मिठाईच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत मिठाईऐवजी कानात बघायची बॅटरी. दारातूनच ओरडायचे, "सत्या, यार, भाकरी आहे का? मेसवाल्याने राजम्याचा उच्छाद मांडलाय!" शेंगदाण्याची चटणी आणि दही घेऊन बसले की चार भाकऱ्या सहज जात. आम्हा तिघांनाही दिल्लीत आपलं म्हणून कोणी नव्हतं. त्यांच्यामुळे आमच्या रविवाराला घराची चव असायची.

आमची सई नऊ महिन्यांची असताना तिचा कान पहिल्यांदा फुटला. ताप, रडणं, मग सकाळी उशीवर पिवळा डाग. औषधाने आठ दिवसांत बरं झालं. महिन्याभराने पुन्हा. मग दुसरा कान. दोन वर्षांची होईपर्यंत हे इतक्या वेळा झालं की मी मोजणं सोडलं होतं. ती कानाला हात लावून डोकं गादीवर घासायला लागली की मी औषधाची बाटली शोधायला उठायचे. मीही नोकरी करत होते. दुसऱ्या एका मंत्रालयात, संसदेच्या प्रश्नांची उत्तरं तयार करणाऱ्या विभागात. दिवसभर फायली आणि घरी आलं की कानात थेंब. प्रत्येक वेळी भावजी येऊन बघायचे. सई त्यांना अजिबात घाबरत नसे. आधी ते स्वतःच्या कानात बॅटरी घालून घ्यायचे, मग सतीशच्या, मग तिच्या बाहुलीच्या, आणि शेवटी तिच्या.

त्या सप्टेंबरात एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. सईच्या कानांच्या पडद्यामागे पाणी साठून राहतंय, म्हणाले. ते गेलं नाही तर तिला नीट ऐकू येणार नाही, आणि जे ऐकू येत नाही, ते बोलायला मूल शिकत नाही. उपाय छोट्या शस्त्रक्रियेचा. पडद्याला बारीक छेद घेऊन त्यात मुगाच्या दाण्यापेक्षा लहान नळी बसवायची, म्हणजे आत हवा खेळते. "पण पूर्ण भूल द्यावी लागेल," ते म्हणाले. भूल हा शब्द ऐकला आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. आमच्या शेजारच्या ब्लॉकमधलं एक मूल साध्या ऑपरेशनला गेलं आणि परत आलं नाही, अशी हकिकत मी बसस्टॉपवर ऐकली होती. खरी की खोटी, देव जाणे. सतीशने विचारलं, "आत्ताच करायला हवं का?" भावजी म्हणाले, "नाही. पुष्कळ मुलांचं आपोआप सुकतं. तीन महिने थांबू. पण मग कानाची तपासणी करायचीच. कानात रबराचं टोक ठेवतात, दोन मिनिटांचं काम. हे बघ..." आणि त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर दोन रेषा काढून दाखवल्या. एक डोंगरासारखी, वर चढून उतरणारी. दुसरी सपाट. "डोंगर आला तर कान मोकळा. सपाट आली तर पाणी आहे. मग ऑपरेशन." आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. थांबायचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. थांबायचा निर्णय एकट्या भावजींचा नव्हता, आणि चुकीचाही नव्हता.

ऑक्टोबरात सतीशला चार महिन्यांसाठी शिलाँगला पाठवलं. भावजी परीक्षेच्या तयारीसाठी मुनिरकाच्या खोलीत गाडून घेऊन बसले होते. पण त्यांनी इस्पितळातल्या तपासणीवाल्याशी बोलून डिसेंबरातली एक तारीख ठरवली आणि चिठ्ठी मला आणून दिली. "मी येऊ शकणार नाही वहिनी, पेपर आहे. पण हा माणूस चांगला आहे. माझं नाव सांगा." संसदेचं अधिवेशन चालू होतं. अशा दिवसांत आमच्या विभागात सुटी मागणं म्हणजे गुन्हाच. पुढे अनेक वर्षं मी मनाशी हेच सांगत आले, की सुटी मिळाली नाही. ते खरं नाही. सुटी मिळाली होती. मी सईला आंघोळ घातली, चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि तिला घेऊन बसमध्ये चढले. दोन आठवडे तिचा कान दुखला नव्हता. रात्री शांत झोपत होती. थंडीचं ऊन खिडकीतून तिच्या गालावर येत होतं आणि ती काचेवर बोटाने काहीतरी काढत होती. मी विचार करत होते, रेषा सपाट आली तर? तर भूल. तर सतीश शिलाँगमध्ये आणि मी एकटी त्या दारापाशी, तिला कोणा परक्याच्या हातात देणारी... सरोजिनी नगरचा स्टॉप आला आणि मी उतरले. ठरवून उतरले असंही नाही. उतरलेली होते. बाजारात आम्ही तासभर फिरलो. सईला पिवळा लोकरी स्वेटर घेतला, बदकाच्या आकाराची बटणं असलेला. तिने तो तिथेच घालून घेतला. शकरकंदीची, म्हणजे रताळ्याची चाट खाल्ली, फुगा घेतला. फार छान दिवस गेला, हे सांगायलाच हवं. त्या वर्षातला तो सगळ्यात छान दिवस होता.

त्या रविवारी भावजी पेपर संपवून आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "झाली तपासणी?"

"झाली," मी म्हटलं.

"आलेख कसा होता? डोंगर की सपाट?"

मी कणीक मळत होते. वर न बघता म्हणाले, "डोंगरासारखा."

"दोन्हीकडे?"

"हो, दोन्हीकडे."

ते इतके खूश झाले की सईला उचलून त्यांनी खोलीभर नाचवलं. "वा रे पठ्ठी! वाचलीस!" कागद दाखवा म्हणाले नाहीत. माझ्यावर विश्वास होता. शिवाय थकलेले होते. त्या दिवशी त्यांनी बॅटरी पिशवीतून बाहेर काढलीच नाही. जानेवारीत पुढच्या तारखेला नेईन, मी मनात म्हटलं होतं. सतीशला फोनवर सांगितलं, तपासणी नॉर्मल आली. एकदा तोंडातून गेलेलं मग दुसऱ्यांदा सहज जातं.

जानेवारीच्या अखेरीस सतीश परतला. दारात उभं राहून त्याने हाक मारली, "सई!" ती पाठमोरी बसून ठोकळे रचत होती. ती वळली नाही. त्याने टाळी वाजवली, तरी नाही. मग तो तिच्यासमोर जाऊन बसला तेव्हा आनंदाने किंचाळली. मी म्हटलं, "खेळात रमली की असंच करते." हे मी रोज बघत होते. कुकरच्या शिट्टीला ती दचकत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत राहायची. सव्वादोन वर्षांच्या मुलीला जेमतेम सात-आठ शब्द येत होते. मला कळत नव्हतं असं नाही. सतीशने संध्याकाळी भावजींना बोलावून घेतलं. त्यांनी कानात बघितलं आणि कितीतरी वेळ बॅटरी विझवलीच नाही. मग म्हणाले, "उद्या सकाळी इस्पितळात. मी स्वतः येतो."

दुसऱ्या दिवशी सतीश खाली कार्ड काढायच्या रांगेत होता. भावजी, मी आणि माझ्या कडेवर सई, असे आम्ही तपासणीच्या खोलीबाहेर. भावजींनी जुना आलेख मागितला. तपासणीवाल्याने वही उघडली, पानं उलटली आणि म्हणाला, "इस नाम से कोई आया ही नहीं, डॉक्टर साहब. आपकी दी हुई तारीख तो खाली गई थी. मैं एक बजे तक बैठा रहा." भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आजवर पुष्कळ नजरा झेलल्या, पण ती नजर... तिच्यात राग नव्हता. एखादं गणित जुळत नसताना माणूस बघतो तसे ते बघत होते. आणि मग ते जुळलं, हेही मला दिसलं. तेवढ्यात सतीश कार्ड घेऊन आला. "काय म्हणाले?" त्याने विचारलं. भावजी म्हणाले, "काही नाही. नव्याने करून घेऊ."

दोन्ही रेषा सपाट आल्या. आतलं पाणी गोंदासारखं घट्ट झालं होतं. डाव्या कानाचा पडदा आत ओढला गेला होता. सतीशचा चेहरा पांढरा पडला. त्या भरलेल्या कॉरिडॉरमध्ये, दोन्ही बाजूंना बाकांवर पेशंट बसलेले, तो भावजींवर ओरडला, "डिसेंबरात नॉर्मल होतं ना? मग हे काय आहे?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण भावजी आधी बोलले. "तेव्हाची तपासणी नीट झालेली नव्हती. मूल रडलं की आलेख चुकतो. मी पुन्हा करून घ्यायला हवी होती. माझं चुकलं, सत्या."

"तुझं चुकलं? तू आहेस म्हणून मी निर्धास्त तिकडे बसलो होतो! माझ्या पोरीला ऐकू येत नाही आणि तू म्हणतोस चुकलं?"

"हो. चुकलं."

"पुन्हा माझ्या घरी पाऊल टाकू नकोस."

मी सईच्या पाठीवर हात फिरवत उभी होते. ती आम्हा तिघांच्या हलणाऱ्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

मग ऑपरेशनचा निर्णय घ्यायला आम्हाला एक दिवसही लागला नाही. ज्याच्या भीतीने मी बसमधून उतरले, ते आता करायचंच होतं. सतीशने दुसरीकडचं एक खाजगी रुग्णालय निवडलं, भावजींचा संबंध नको म्हणून. सईला आत नेलं तेव्हा मी पाणी आणायला म्हणून खाली आले. फाटकाबाहेर भावजी उभे होते. पिशवी नव्हती हातात. मला बघून म्हणाले, "भूल उतरताना खूप रडेल. हातपाय झाडेल. घाबरू नका वहिनी, ते चांगलं रडणं असतं. आणि पहिल्या दिवशी हळू बोला तिच्याशी. सगळं फार मोठ्याने ऐकू येईल तिला."

मी म्हटलं, "भावजी, मी सतीशला सांगते. आत्ताच सांगते."

त्यांनी मान हलवली. "आत्ता नको. आत्ता तिला तुम्ही दोघं लागणार आहात. नंतर सांगा."

त्या 'नंतर'वर मी तीस वर्षं काढली. भावजींनीच नको म्हटलं, असं स्वतःला सांगत. ते 'आत्ता नको' म्हणाले होते. 'सांगू नका' असं ते कधीच म्हणाले नव्हते. आणि तुम्ही का गेला नाहीत, हेही त्यांनी मला कधी विचारलं नाही.

ऑपरेशन सुखरूप झालं. घरी आल्यावर नळातून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजाने सई चमकली, मग नळापाशी जाऊन हसत बसली. वर्षभर बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. ती बोलू लागली, शाळेत गेली, आता पुण्यात नोकरी करते. डावा कान कमीच राहिला. ते दोन महिने गेले नसते तर तो वाचला असता का? मी दोन डॉक्टरांना विचारलं, कारण न सांगता. दोघंही म्हणाले, सांगता येत नाही. मला वाटतं, याहून वाईट उत्तर नसेल.

त्या चैत्रात कॉलनीतल्या एका मराठी घरी हळदीकुंकवाला गेले होते. पन्ह्याचा पेला हातात देत एक बाई म्हणाल्या, "तुम्हीपण कमाल करता. त्या लोकांवर कशाला विसंबलात? आपले डॉक्टर नव्हते का दिल्लीत?" मला उभं राहून सांगता आलं असतं, की तो माणूस आमचाच होता, आणि खोटं मी बोलले होते. मी पन्हं प्यायले. 'छान झालंय' म्हणाले. मी जे खोटं बोलले त्यापेक्षाही हे गप्प बसणं मला अलीकडे जास्त बोचतं.

भावजी मला त्यानंतर एकदाच भेटले, काही वर्षांपूर्वी, सरोजिनी नगरच्या मेट्रो स्टेशनवर. केस पूर्ण पांढरे. गाझियाबादला दवाखाना आहे, म्हणाले. यास्मिनवहिनींशी लग्न होऊन मुलं मोठीही झाली होती. आम्हाला लग्नाची पत्रिका आली होती, सतीशने ती उघडली नव्हती. "सई फोन उजव्या कानाला लावते ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "सतीशची शुगर?" त्यांना मिरजेकडून सगळं कळत असायचं. मग गाडी आली. "या ना कधी घरी," मी म्हणाले. आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून आम्हाला किती वर्षं झाली, आता कुठे राहतो, त्यांना पत्ताही ठाऊक नव्हता आणि मी तो दिला नाही. "येतो की," ते म्हणाले आणि हात हलवला.

ते गेल्याच्या चौथ्या दिवशी मी सतीशला सगळं सांगितलं. तो चहा पीत होता. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "तो पिवळा स्वेटर... त्या दिवशीचा?" शिलाँगहून आल्या आल्या त्याने सईचा त्या स्वेटरमधला फोटो काढला होता. तो मोठा करून इतकी वर्षं आमच्या बैठकीत लावलेला आहे. मी हो म्हटलं. त्याने कप खाली ठेवला. "मी त्याला सगळ्या लोकांसमोर बोललो," तो म्हणाला. "आणि तू शेजारी उभी होतीस." एवढंच. दोन आठवडे आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. फोटो त्याने काढला नाही. मीही नाही. मग एका सकाळी चपला घालता घालता तो म्हणाला, "चल, यास्मिनकडे जाऊन येऊ."

यास्मिनवहिनींनी आम्हाला लगेच ओळखलं. घराच्या तळमजल्यावरच दवाखाना. आता भावजींचा एक विद्यार्थी आठवड्यातून तीन दिवस येऊन बसतो. मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी माझा हात दाबला. "ते कोणाचं काही सांगायचे नाहीत मला. तुमचंही नाही सांगितलं. राहू द्या." त्यांनी ऐकूनही घेतलं नाही, आणि ऐकून न घेणं ही माफी नसते, हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं. चहा आणायला त्या वर गेल्या. आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलो. टेबलामागे सविता नावाच्या बाई होत्या. वीस वर्षं तिथे काम करतात. समोर जाड रजिस्टर उघडं ठेवून एकेका आईबापाला फोन लावत होत्या.

"आज तो डॉक्टर साहब आएँगे नहीं," सतीश म्हणाला. "फिर ये फोन?"

"कल की तारीख़ वाले हैं," त्या म्हणाल्या. "साहब का नियम था. कान वाले हर बच्चे के घर एक दिन पहले फोन करो. माँ कहे कि दिखा लिया, सब ठीक है, तो भी बोलो कि काग़ज़ लेकर आइए, मैं ख़ुद देखूँगा. और डाँटना बिल्कुल नहीं." मग थोडं हसून म्हणाल्या, "कहते थे, माँ झूठ नहीं बोलती, डर जाती है. ग़लती उसकी है जिसने काग़ज़ नहीं देखा."

मी का गेले नाही, हे त्यांना विचारावंच लागलं नव्हतं तर.

सतीशने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने सविताबाईंना विचारलं, "और जो फिर भी न आए?"

"तो साहब शाम को ख़ुद चले जाते थे, उनके घर," त्या म्हणाल्या, आणि बोट ठेवून रजिस्टरमधलं पुढचं नाव वाचत त्यांनी नंबर लावला.